‘जास्त झाली, झोपू द्या’ म्हणण्याआधी हुक्का किती वेळ चालू होता ते विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून बातमी असते, अमक्या ठिकाणी हुक्का पार्लरवर छापा, एवढे पॉट जप्त, एवढी पोरं ताब्यात. आणि दुसऱ्या पानावर दुसरी बातमी, ढाब्यावर विनापरवाना दारू पकडली. पोलीस एका कलमात लिहितात, एक्साईजवाले दुसऱ्या कलमात लिहितात, कॉलेजात व्यसनमुक्तीचं भाषण असलं तर तिथंही दारूचा तक्ता वेगळा अन् तंबाखूचा तक्ता वेगळा. पण बैठक बसली की तिथं ह्या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच हो, एका हातात ग्लास अन् दुसऱ्या हातात पाईप असतो, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्ही सोबत चालू असताना जो धोका तयार होतो त्याच्याबद्दल आपल्याकडं कोणी बोलतच नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट करायची तर करा, फक्त मधला कोळशाच्या गॅसचा भाग तेवढा राहू द्या.

माझं बीड जिल्ह्यात हायवेला लागून मंगल कार्यालय आहे, समोर लॉन, मागं पाव्हण्यांसाठी खोल्या. त्यामुळं लग्नसराईत हळदीची रात्र मी जवळून बघतो. आधी काय असायचं, डीजे, नाच, आणि पार्किंगमधे कुठंतरी गाडीची डिकी उघडी ठेवून कागदी ग्लासात कार्यक्रम चालू. ते काही चांगलं होतं असं नाही, पण ते बाहेर मोकळ्यावर होतं. आता गेल्या काही वर्षात त्यात हुक्का आलाय. फोन केला की एखादा पोरगा बाईकवर पॉट, पाईप, फ्लेवरच्या डब्या, कोळसा सगळं आणून देतो, रात्रीचं भाडं अन् डिपॉझिट घेतो आणि सकाळी येऊन उचलून नेतो. आणि हा हुक्का लॉनवर चालत नाही, कारण तिथं मोठी माणसं बसलेली असतात, वास सुटतो, वाऱ्यानं निखारे उडतात. तो चालतो मागच्या खोलीत. दार लावून, खिडकी लावून, एसी फुल्ल करून, आणि बाटली तिथंच.

शहरातले पार्लर बंद झाले म्हणजे हुक्का बंद झाला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 2017 च्या डिसेंबरात, 29 तारखेच्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागली, 14 माणसं गेली, आणि चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याचा विषय पुढं आला. त्यानंतर 2018 मधे आपल्या राज्यानं तंबाखूच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून हुक्का बारवर बंदी आणली, एक ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 1 लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. मग ‘आमचा हर्बल आहे साहेब’, म्हणजे बिनतंबाखूचा, ही पळवाट निघाली, तर 2023 मधे मुंबई हायकोर्टानं सांगितलं की खाण्यापिण्याच्या हॉटेलचं लायसन आहे म्हणून त्यात हर्बल हुक्का देता येणार नाही. म्हणजे कायदा कडकच आहे. पण तो धंदा करणाऱ्या बारसाठी आहे. शेतातल्या फार्महाऊसवर, मंगल कार्यालयाच्या खोलीत, लातूर-नांदेडला क्लाससाठी राहणाऱ्या पोरांच्या रूमवर कोण जाणार छापा मारायला? बारमधला हुक्का उठून बंद खोलीत येऊन बसला, एवढाच फरक पडलाय.

(अन् जाता जाता, मंडपाचं कापड, थर्माकोल, प्लास्टिकची फुलं ह्या सगळ्याच्या शेजारी पिलेल्या माणसाच्या हातात चिमट्यानं धरलेला लाल निखारा असतो, ते बघून माझी झोप उडते ती वेगळी.)

आता मुद्द्यावर येतो. दारू पोटात गेली की हुक्का जास्त ओढला जातो, हे मी डोळ्यानं बघितलंय आणि त्याची कारणं काही लई अवघड नाहीत. एक म्हणजे वेळ. सिगारेट पाच-सात मिनिटात संपते, विझवावीच लागते. हुक्क्याला तसा शेवटच नसतो, कोळसा बदलला की परत चालू, फ्लेवर बदलला की परत चालू, आणि दारूची बैठक तीन-चार तास चालणार म्हणल्यावर हुक्का पण तेवढाच चालणार. जागतिक आरोग्य संघटनेनं हुक्क्याचा जो हिशोब दिलाय त्यात एक बैठक 20 ते 80 मिनिटांची धरलीय, तेवढ्यात माणूस 50 ते 200 झुरके घेतो आणि एकेका झुरक्यात पाव-अर्धा लिटर, कधी कधी तर लिटरभर धूर आत ओढतो. सिगारेटचे झुरके आठ-बारा, आणि सगळा मिळून धूर अर्ध्या लिटरच्या आसपास. म्हणून ते म्हणतात की एका बैठकीत शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतका धूर छातीत जाऊ शकतो. हे धुराचं माप आहे बरं का, निकोटीन शंभरपट जातं असा त्याचा अर्थ नाही, व्हॉट्सॲपवर लोक तसं फिरवतात आणि मग पोरं म्हणतात बघा खोटं सांगून भीती घालायलेत. पण धूर तेवढा जातो हे खरं, आणि हा हिशोब तास-सव्वा तासाचा आहे, रात्रभराच्या पार्टीचा नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोरा माणूस हुक्का ओढायला बसला तर थोड्या वेळात त्याला घशात खवखवतं, डोकं जड होतं, मळमळतं, मग तो आपसूक पाईप दुसऱ्याकडं देतो. शरीर सांगतं बास झालं. पिलेल्या माणसाला तेच गरगरणं दारूचं वाटतं, आणि गरगरण्यासाठीच तर तो बसलेला असतो! त्यामुळं जे धोक्याचं लक्षण आहे तेच त्याला मजा वाटायला लागते. सिगारेटवर जे प्रयोग झालेत त्यातही हेच दिसलंय की दारू घेतल्यावर ओढायची तलफ वाढते आणि माणूस एरवीपेक्षा जास्त ओढतो. ‘मी स्मोकर नाही, फक्त पार्टीत’ असं म्हणणारे जे असतात ना, ते पण ग्लास हातात आला की पाईप मागतात. आणि उलटंसुद्धा होतं. निकोटीन माणसाला तरतरीत ठेवतं, त्यामुळं दारूनं डोळे मिटायला लागले की चार झुरके मारले, जरा फ्रेश वाटलं, मग अजून एक पेग. त्याला वाटतं आपली उतरली. उतरलेली काही नसते, रक्तातली दारू आहे तेवढीच असते, फक्त ती कळत नाही. एक दुसऱ्याला ढकलतो अन् दुसरा पहिल्याला, आणि रात्र लांबत जाते.

हे झालं प्रमाणाचं. खरी भानगड कोळशाची आहे.

मागच्या लग्नसराईत आमच्याकडं हळदीच्या रात्री नवरदेवाच्या मित्रांच्या खोलीत दोन पॉट चालू होते. बाराच्या पुढं त्यातला एक पोरगा बाथरूमला जायला उठला अन् दारातच कोसळला. सगळे हसायले, ‘आऊट झाला’ म्हणायले. त्याला उचलून त्याच खोलीत गादीवर टाकला, कुणी लिंबूपाणी आणलं, कुणी कांदा हुंगवायलंय, कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढायलंय. कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण लग्नात एखादा तरी आडवा होतोच. पण नवरीकडच्या एक मावशी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहेत, त्या आवाज ऐकून आल्या. त्यांनी बघितलं की खोलीत अजून दोघं डोकं धरून बसलेत, आणि त्यातला एक गाडीचा ड्रायव्हर होता, त्यानं एक थेंब घेतला नव्हता, तो फक्त हुक्का ओढत बसला होता. मावशी म्हणाल्या, “यानं पिलीच नाही तर याचं डोकं कसं काय फुटायलंय मग?” खोली एकदम गप्प झाली. त्यांनी आधी दारं-खिडक्या उघडायला लावल्या, निखारे बाहेर फेकायला लावले, पोराला उचलून लॉनवर कुशीवर झोपवला आणि 108 ला फोन केला. गाडीत ऑक्सिजन लावला, दवाखान्यात अजून बराच वेळ लावून ठेवला, सकाळी तो बोलायला लागला. पोरगं वाचलं ते मावशीच्या त्या एका प्रश्नामुळं.

तर ते काय होतं, ते सांगतो. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड नावाचा गॅस निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यात चुरचुरत नाही, वरून मिंट अन् डबल ॲपलचा सुगंध असतो त्यामुळं खोलीत काही वाईट आहे असं नाकाला वाटतच नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण ह्या गॅसची त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त ओढ आहे. म्हणजे गॅस एकदा चिकटला की ऑक्सिजनला जागाच राहत नाही. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, आणि आत मेंदूला अन् काळजाला हवा पोचत नसते. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपले अन् सकाळी उठलेच नाहीत अशा बातम्या आपण वाचतो की नाही? हुक्का म्हणजे तीच शेगडी, फक्त तिला नळी लावून तोंडात धरलेली. आणि स्प्लिट एसी हवा बदलत नाही हे लई जणांना माहीतच नाही, तो खोलीतलीच हवा ओढून थंड करून परत खोलीतच सोडतो.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात एक पाहणी झाली, 2011 साली छापून आली, त्यात हुक्का कॅफेतून बाहेर पडणाऱ्या लोकांच्या अन् साध्या बारमधून बाहेर पडणाऱ्या लोकांच्या श्वासातला हा गॅस मोजला. बारवाल्यांची सरासरी 9 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागात गॅसचे 9 भाग) जवळ आली, हुक्कावाल्यांची 31 च्या जवळ. तीन पटीहून जास्त.

आता ह्या गॅसची लक्षणं वाचा अन् सांगा कशासारखी वाटतात ते. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उलटी, पाय लटपटणं, जीभ जड होणं, काय बोलतोय ते न समजणं, मग झोप अन् मग बेशुद्धी. ही तर दारू जास्त झाल्याची लक्षणं झाली! मला जे सांगायचंय ते नेमकं इथं आहे. नुसता हुक्का ओढणारा पोरगा चक्कर येऊन पडला तर लोक घाबरतात, पळापळ करतात, दवाखान्यात नेतात. दारूसोबत ओढणारा पडला तर लोक म्हणतात जास्त झाली, झोपू द्या, सकाळी उतरेल. आणि झोपवतात कुठं तर त्याच खोलीत, दार ओढून घेऊन, लाईट बंद करून, कोपऱ्यातल्या ट्रेमधे निखारे अजून धुमसत असतानाच. मोकळ्या हवेत आणलं तरी रक्तातला हा गॅस निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात निम्मा होतो. लिंबूपाणी, ताक, दही, काळी कॉफी, गार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतणं, ह्यातल्या कशानंही तो एक कणभर कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणकणारं डोकं आपण हँगओव्हर म्हणून गोळी घेऊन मोकळे होतो, त्यातलं कितीतरी दारूचं नसेलच, कोळशाचं असेल, पण तपासतंय कोण.

अजून एक गोष्ट, कोरोनापासून घराघरात ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय. त्या रात्री पण एका पाव्हण्यानं गाडीतून काढून आणलं अन् लावलं, 98 दाखवलं, म्हणाला बघा ऑक्सिजन एकदम ओके आहे. त्याच्यावर अजिबात जाऊ नका. ते साधं मशीन ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन अन् हा गॅस चिकटलेलं हिमोग्लोबिन ह्यात फरक ओळखू शकत नाही, दोन्हीला चांगलंच समजतं. माणूस बेशुद्ध असताना सुद्धा ते 98 दाखवू शकतं. गॅस खरा मोजायचा तर रक्ताची वेगळी तपासणी लागते अन् ती तालुक्याच्या गावात सगळीकडं होत नाही. म्हणून दवाखान्यात नेणाऱ्यानं तोंडानं सांगायला पाहिजे की डॉक्टर साहेब, बंद खोलीत कोळशाचा हुक्का इतके तास चालू होता. लोक काय करतात, घरच्यांच्या भीतीनं हुक्क्याचं लपवतात अन् फक्त दारूचं सांगतात. मग सलाईन लागतं अन् ऑक्सिजन राहून जातो.

खोलीत एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखायला लागलं, किंवा न पिणाऱ्याला पण मळमळायला लागलं, तर तो गॅसच समजायचा. आधी सगळ्यांनी बाहेर. पडलेल्याला पाठीवर उताणं झोपवायचं नाही, कुशीवर करायचं, कारण दारू अन् निकोटीन दोन्हीनं उलटी होते आणि उताण्या माणसाची उलटी श्वासनळीत जाते. अशा माणसाच्या तोंडात जबरदस्तीनं काहीही ओतायचं नाही, ते लिंबूपाणी सुद्धा. आणि 108.

आता पोरं काय काय उत्तरं देतात तीही सांगतो, कारण मी त्यांच्याशी वाद घालतो अन् मला ती पाठ झालीत. पहिलं उत्तर, धूर पाण्यातून जातो, फिल्टर होतो. पाण्यानं धूर गार होतो, म्हणून घशाला लागत नाही, म्हणून जास्त खोल ओढता येतो, एवढाच त्याचा उपयोग. कार्बन मोनॉक्साईड पाण्यात अडकत नाही. दुसरं, आमच्यात तंबाखूच नाही, हर्बल आहे. अरे पण कोळसा तर तोच आहे ना बाबा! निकोटीन नसेल, पण डांबर अन् गॅस दोन्ही आहेतच. तिसरी नवीन फॅशन, पॉटमधे पाण्याऐवजी व्होडका नाहीतर बिअर ओततात, म्हणे किक येते. पाणी जिथं धूर साफ करत नाही तिथं बिअर काय साफ करणार, वरून धुरासोबत दारूची वाफ पण छातीत, आणि किती गेली त्याचा काहीच हिशोब नाही. ग्लास निदान मोजता येतो.

आणि मोठ्या माणसांचं उत्तर वेगळंच, आमच्या आजोबानं जन्मभर गुडगुडी ओढली, नव्वद वर्षं जगले. आपल्या भागात निजामाच्या काळापासून वाड्यात अन् गढीत गुडगुडी होती हे खरंच आहे. त्याच्याही कितीतरी आधी अकबराच्या दरबारात तंबाखू पोचली ती इकडून दख्खनमधून, विजापूरहून, असद बेग नावाच्या त्याच्या माणसानं नेली आणि हकिमानं तेव्हाच विरोध केला असं त्यानंच लिहून ठेवलंय. पण आजोबा ओसरीवर बसायचे हो, चारी बाजूनं वारा. कडू तंबाखू, दोन-चार झुरके अन् ठसका. आताच्यासारखा काकवीत मुरवलेला गोड फ्लेवर नव्हता, एसीची बंद खोली नव्हती, सोबत व्हिस्की नव्हती. आणि जे आजोबा पन्नाशीतच खोकून खोकून गेले त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरलेलं नसतं.

मोठ्यांवरून आठवलं, हल्ली दाजी, साडू, मामा ही मंडळी पण पोरांच्या खोलीत जाऊन ‘बघू रे कसं असतं’ म्हणून बसतात. एकाला बीपी, एकाला शुगर, एकाची अँजिओप्लास्टी झालेली. निकोटीननं काळीज जोरात पळतं म्हणजे त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, अन् गॅसनं नेमका तोच कमी पडतो, दारूनं ठोके बिघडतात ते वेगळं. अशा माणसानं तर त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नये, ओढायचं तर लांबच. आणि गरोदर बाई अन् लहान लेकरं शेजारच्या खोलीत झोपवलेली असतात त्यांचा तर कोणी विचारच करत नाही, पोटातल्या बाळापर्यंत हा गॅस जातो.

कॅन्सरचं आपल्याकडं वेगळं सांगायची गरज नाही, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलच्या आवारात एक चक्कर मारली की तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचे किती पेशंट मराठवाड्यातल्या गावागावातून आलेत ते दिसतं. तंबाखू अन् दारू दोन्ही वेगवेगळे कॅन्सर करतात, आणि सोबत घेतल्यावर तोंड, घसा अन् अन्ननलिकेचा धोका बेरजेपेक्षा जास्त वाढतो हे डॉक्टर लोक किती वर्षं झाले सांगायलेत. दारूनं तोंडातलं आतलं अस्तर असं होतं की धुरातली विषं सहज आत मुरतात. ज्याच्या गालात आधीच दिवसभर तंबाखू-चुना नाहीतर गुटखा आहे त्यानं रात्री वरून हे दोन्ही करायचं म्हणजे कमालच आहे. आणि एकच पाईप दहा तोंडात फिरतो, टीबीसारखे आजार त्यातून पसरू शकतात. टोकाला प्लास्टिकची नवीन टीप लावली म्हणजे झालं असं नाही, आतली नळी कोण धुतं, भाड्यानं देणारा तर नाहीच नाही.

पहाटेचं पण बोललं पाहिजे. तीन-चार वाजता ही पोरं बाईकवर, गाडीवर गावाकडं निघतात. रस्त्यात पोलिसांनी फुंकायला लावलं तर मशीन फक्त दारू मोजतं, 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर असली तर केस होते. गॅसचं ते काही सांगत नाही. म्हणजे ज्यानं एकच बिअर घेतली, मर्यादेच्या आत आहे, पण तीन तास बंद खोलीत हुक्का ओढलाय, तो मशीनवर पास होतो अन् स्टेअरिंगवर डोळे मिटतो. ‘ड्रायव्हर न पिणारा ठेवलाय’ एवढ्यानं आई-बाप निश्चिंत होतात, त्या ड्रायव्हरला खोलीत बसू दिलं होतं का तेही विचारत जा.

मी माझ्या बुकिंगच्या करारात आता लिहून घेतो की खोल्यांत कोळसा पेटवायचा नाही, हुक्का आणायचा नाही, सापडला तर डिपॉझिट जप्त. त्यामुळं एक-दोन पार्ट्या दुसऱ्या लॉनवर गेल्या, जाऊ द्या. पण एकट्यानं करून काय होणार, जिल्ह्यातल्या बाकीच्या मंगल कार्यालयवाल्यांनी अन् फार्महाऊस भाड्यानं देणाऱ्यांनी पण हे केलं तर पोरांना जायला जागा राहणार नाही. भाड्यानं पॉट पोचवणारे जे आहेत त्यांना कोणी तरी हे पण सांगा की 18 वर्षाखालच्या लेकराला दारू किंवा तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्यात 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् 1 लाखापर्यंत दंड आहे, अकरावी-बारावीच्या पोरांच्या रूमवर डिलिव्हरी करताना तुम्ही त्यातच बसता. आणि आपल्या राज्यात बिअरला 21 अन् बाकी दारूला 25 वय लागतं, हे तर आता कुणाच्या लक्षातच राहिलेलं नाही, करवल्यांपासून नवरदेवाच्या भावापर्यंत कुणाचंच नाही.

सरकारी अन् खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे की लग्नसराईत अन् 31 डिसेंबरच्या रात्री पिऊन पडलेला म्हणून कोणी आणला तर सोबतच्याला बाजूला घेऊन हुक्क्याचं एकदा विचारा. घरच्यांसमोर विचारलं तर कोणी खरं सांगत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी छाप्याची बातमी लावाल तेव्हा जप्त केलेल्या पॉटच्या फोटोखाली चार ओळी ह्या गॅसच्या लक्षणांच्या टाका, आणि सोबत तंबाखू सोडण्यासाठीची हेल्पलाईन 1800-11-2356 आणि व्यसनमुक्तीची 14446 हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात छापा. दोन्ही फुकट आहेत.

आपला नियमित वाचक,
एक मंगल कार्यालय चालक,
जि. बीड